मला लूपमध्ये घे ना!

ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं. 'मला लूपमध्ये ठेव हं!' म्हणजे काय, तर मला काम सांगू नकोस, पण मेलच्या यादीत माझं नाव असू दे. मी पडले फ्रीलान्सर. मला कुणी कुठल्याच लूपमध्ये ठेवत नाही, माझा चेक कधी निघणार ह्याच्यासुद्धा! त्यामुळे गेल्या महिन्यात मी स्वतःहून एका लूपच्या मागे लागले, तेव्हा आईलाही आश्चर्य वाटलं. फक्त हा लूप ऑफिसातला नव्हता. तो माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पच्या पाठीमागे होता. इफेक्ट्स लूप!

थांबा, लगेच पान उलटू नका. गिटार वाजवत नसाल तरी वाचा. कारण ह्या गोष्टीत एक मित्र, एक शॉक आणि एक तपकीर गल्लीतले काका आहेत.

तर झालं असं. आमचा एक बँड आहे. कॉलेजात जमलेले चौघं, आता चौघांच्या चार नोकऱ्या (माझी धरली तर साडेतीन). रविवारी सकाळी जॅमिंग, मग मिसळ, मग 'पुढच्या रविवारी नक्की वेळेवर' अशी शपथ. सगळं मस्त चाललेलं असताना आमच्या बेसवाल्याची कॅनडाची पीआर आली. तिकीट निघालं, बॅगा आल्या, त्याच्या आईचे लाडू सुरू झाले. जायच्या आधी एकदा होऊन जाऊ दे, म्हणून आम्ही एका पबमधला शनिवार मिळवला. पंचेचाळीस मिनिटं. आणि शेवटचं गाणं तेच, जे आम्ही थर्ड इयरला त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून बनवलं होतं. त्यात माझा सोलो. त्या सोलोची वाट लागली तर तो कॅनडाहून मला आयुष्यभर टोमणे मारणार, हे नक्की!

सोलोत मला डिले हवा होता. डिले म्हणजे प्रतिध्वनी. सिंहगडाच्या कड्यावरून हाक मारल्यावर येतो तसा. माझ्याकडे बॉसचं डीडी-३ आहे, १९८६ साली बाजारात आलेलं मॉडेल, साबणाच्या डबीएवढा पांढरा धातूचा डबा. पायाने दाबायचा की हाक परत येते. क्लीन आवाजावर एकदम स्वप्नवत! पण सोलोला मी अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन चालू केलं आणि डिले दाबला, की नुसता गोंधळ. सूर कुठला, प्रतिध्वनी कुठला, काही पत्ता नाही. ड्रमर म्हणाला, "हे स्वारगेट स्टँडवरचं अनाउन्समेंट वाटतंय."

मी गुमान पेडलचे सगळे नॉब फिरवून पाहिले. काही होईना. मग एका रात्री अ‍ॅम्पचं मागचं तोंड भिंतीकडून माझ्याकडे केलं, तर तिथे दोन भोकं. एकावर लिहिलेलं 'सेंड', दुसऱ्यावर 'रिटर्न'. सेकंडहँड अ‍ॅम्प घेऊन दोन वर्षं झाली होती आणि ह्या दोघांकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता जरा फंडे क्लिअर करू या. गिटारचा अ‍ॅम्प हे एकच मशीन दिसतं, पण आत दोन जण राहतात. पुढच्या खोलीत प्रीअ‍ॅम्प. तो गिटारच्या मिणमिणत्या सिग्नलला मोठं करतो, बास-ट्रेबल ठरवतो आणि गेन वाढवला की त्याचा आवाज फाडतो. हेच ते डिस्टॉर्शन. मागच्या खोलीत पॉवर अ‍ॅम्प. त्याचं काम एकच, जे आलंय ते स्पीकर हलवण्याइतकं दणदणीत करायचं. इफेक्ट्स लूप म्हणजे ह्या दोन खोल्यांमधलं दार. 'सेंड'मधून सिग्नल बाहेर येतो, तुमच्या पेडलमधून फिरून 'रिटर्न'मधून परत आत जातो.

मग फरक काय पडतो? मी पेडल अ‍ॅम्पच्या पुढे लावत होते. म्हणजे आधी प्रतिध्वनी तयार व्हायचे, मग मूळ सूर आणि सगळे प्रतिध्वनी एकत्र प्रीअ‍ॅम्पमध्ये जाऊन एकत्रच फाटायचे. डिस्टॉर्शनचा स्वभाव असा, की ते हळू आवाजालाही वर खेचतं. त्यामुळे जो प्रतिध्वनी हळूहळू विरत जायला हवा, तो छाती काढून मूळ सुराच्या शेजारी उभा राहायचा. खिचडी होणारच. पेडल लूपमध्ये लावलं, की आधी सूर फाटतो आणि मग त्या फाटलेल्या सुराच्या स्वच्छ नकला निघतात, एकीहून एक हळू.

बेसवाल्याला हे मी मिसळीच्या भाषेत समजावलं. फरसाण रश्शात टाकून अर्धा तास उकळलंस तर काय होईल? लगदा. वाढताना घातलंस तर कुरकुरीत. डिले म्हणजे फरसाण. त्याला लगेच पटलं. आम्ही रविवारी मिसळ उगाच खात नाही!

स्टुडिओतही बऱ्याचदा असंच होतं. अ‍ॅम्पचा फाटलेला आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि एको, रिव्हर्ब त्यावर नंतर मिक्सिंग टेबलवर चढवतात. लूप म्हणजे ती सोय स्टेजवर. जुन्या अ‍ॅम्पमध्ये ती नव्हतीच. रॉकवाल्यांचा लाडका मार्शल जेसीएम-८०० १९८१ मध्ये आला, त्याच्या मूळ २२०३ मॉडेललासुद्धा लूप नव्हता.

एक मात्र आहे. सगळंच लूपमध्ये कोंबायचं नसतं. वा-वा, फझ, ओव्हरड्राइव्ह, कॉम्प्रेसर ही मंडळी अ‍ॅम्पच्या पुढेच शोभतात, कारण त्यांना गिटारचा कच्चा सिग्नल हवा असतो आणि प्रीअ‍ॅम्पला धक्का द्यायचा असतो. डिले, रिव्हर्ब, कोरस ही लूपमधली गँग. फेझर दोन्हीकडे चालतो. एडी व्हॅन हेलनने तो अ‍ॅम्पच्या पुढे लावूनच जगाला वेड लावलं. आणि तुमचा अ‍ॅम्प क्लीन ठेवून तुम्ही डिस्टॉर्शन पेडलनेच आणत असाल, तर लूपची गरजच नाही. डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर, एवढी रांग पाळा की झालं.

तर मी लूप जोडला. गिटारमधून वा-वा आणि ओव्हरड्राइव्ह, तिथून अ‍ॅम्पच्या इनपुटला. मग सेंडमधून डिले, डिलेतून रिटर्न. एकूण पाच केबल, त्यातल्या चार लांबलचक. सोलो वाजवला. काय सांगू! प्रत्येक सूर मोकळा, त्याच्या मागे त्याची सावली, तिच्या मागे तिची सावली. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "सही यार."

आणि मग मी वाजवायची थांबले. तेव्हा ऐकू आलं. हूऽऽऽऽम.

पक्का, न थांबणारा, फ्रीजसारखा हम. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि हा आवाज तिचाच असतो. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबला की जो सूर येतो, साधारण तोच. बेसवाला म्हणाला, "वा! म्हणजे मी कॅनडाला गेलो तरी माझी जागा भरली."

हसलो. पण रेकॉर्डिंगसाठी अ‍ॅम्पचा लाइन-आउट आम्ही मिक्सरला जोडला होता, त्यामुळे हा हम मोठ्या स्पीकरमधूनही घुमत होता. गिगला असं वाजलं असतं तर लोकांनी बिल मागवलं असतं. कुणीतरी सांगितलं, 'अर्थिंग काढ, हम जातो.' सगळ्या जॅमपॅडमध्ये हा सल्ला फिरत असतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून टू-पिनचा कन्व्हर्टर आणला, अ‍ॅम्पच्या थ्री-पिन प्लगला लावला आणि ती जाड तिसरी पिन बाद केली. हम बऱ्यापैकी कमी झाला. मी जाम खूश. एका फुटकळ कन्व्हर्टरमध्ये प्रॉब्लेम सॉल्व्ह!

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. ब्रेकमध्ये मी पाणी प्यायला बाहेर आले. आत बेसवाल्याने माझी गिटार गळ्यात अडकवली होती, ड्रमरला काहीतरी जुनं गाऊन दाखवायला. मला एक ओरडा ऐकू आला आणि काहीतरी पडल्याचा आवाज. धावत गेले, तर माइकचा स्टँड आडवा आणि हा ओठावर हात धरून भिंतीला टेकलेला. तारांवर बोटं होती, ओठ माइकच्या जाळीला लागले आणि शॉक बसला. डोळ्यांत पाणी होतं. दोन मिनिटांनी हसायला लागला, "लाडू खायचा ओठ होता यार." त्याला काही झालं नाही. लगेच दवाखान्यात नेऊन दाखवूनही आणलं. पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. कारण तो कन्व्हर्टर मी लावला होता, दुसऱ्या कुणी नाही.

सोमवारी सकाळी मी अ‍ॅम्प रिक्षात घालून तपकीर गल्लीत गेले. तिथे एक काका आहेत. स्टेबिलायझरपासून ऑर्केस्ट्रावाल्यांच्या अ‍ॅम्पपर्यंत काहीही दुरुस्त करतात आणि सोबत अस्सल पुणेरी अपमान फ्री. मी सगळं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून फिरणाऱ्यांतली दिसतेस."

"काका, चूक झाली. पण शॉक नेमका का बसला ते सांगा ना."

"अगं, ह्या पेटीच्या आत थोडीफार गळती असतेच. जुनी पेटी असेल तर जास्त. एरवी ती अर्थिंगच्या वायरीतून गुपचूप जमिनीत जाते. तू ती वाट बंद केलीस. मग ती पत्र्यावर येऊन बसली. पत्र्यातून केबलच्या जाळीवर, तिथून गिटारच्या तारांवर. तुझ्या मित्राचा हात तारांवर. माइक मिक्सरला जोडलेला, मिक्सरला अर्थिंग आहे. त्याने ओठ लावला आणि गळतीला नवी वाट मिळाली. कुठून?"

"त्याच्यातून," मी म्हटलं.

"समजलं तर. आतला मोठा बिघाड असता, तर चिमटा नसता बसला, माणूस चिकटला असता."

काका घाबरवत नव्हते. हे खरोखर घडलंय. ३ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या शोमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइकच्या स्टँडला लागली आणि तो स्टेजवरच बेशुद्ध पडला. तो वाचला. स्टोन द क्रोज बँडचा लेस हार्वी वाचला नाही. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टेजवर त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला आणि तो गेला. २७ वर्षांचा होता. साधारण माझ्याच वयाचा.

मग हमचं काय? काकांनी अ‍ॅम्प टेबलावर ठेवला, थ्री-पिन प्लग नीट लावला, माझी पेडल जोडली. हम सुरू. त्यांनी डिलेच्या पेडलचा अ‍ॅडॉप्टर काढला आणि ड्रॉवरमधून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढून आत बसवली. हम एकदम खाली!

"बघ. चोर सापडला. तू सगळ्या पेडलना एकाच अ‍ॅडॉप्टरवरून माळ करून करंट देतेस. पुढची पेडल केबलने अ‍ॅम्पला जोडलेली, मागचं पेडलही केबलने अ‍ॅम्पला जोडलेलं आणि ही माळ दोघांना पुन्हा आपापसात जोडते. रिंगण झालं. रिंगणात आजूबाजूच्या विजेचं चुंबक हम भरतं. लूप जोडायच्या आधी हे रिंगण नव्हतं, म्हणून हमही नव्हता."

"आणि तो कन्व्हर्टर लावल्यावर कमी झाला तो?"

"ते दुसरं रिंगण. अ‍ॅम्प एका भिंतीच्या प्लगवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीच्या आणि मधे तुझी लाइन-आउटची वायर. दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेने येऊन वायरीतून भेटतं. रिंगण तोडायचं तर सिग्नलच्या वायरीत तोड. लाइन-आउट काढ आणि अ‍ॅम्पसमोर माइक लाव. नाहीतर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाल. दोन्ही एकाच बोर्डावर घेतलेस तरी फरक पडेल. पण अर्थिंगला हात लावायचा नाही. हम कानाला त्रास देतो, एवढंच."

डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅम्पला माइक. एवढाच इलाज! काकांनी अजून एक गोष्ट दाखवली. लूप रिकामा असताना माझ्या अ‍ॅम्पचा आवाज मधेच बसायचा आणि थाप मारली की परत यायचा. मला वाटायचं आता व्हॉल्व्ह गेले, दोन महिन्यांची कमाई गेली. काकांनी एक छोटी केबल सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावली. आवाज ठणठणीत. रिटर्नच्या भोकात आत एक बारीकसा स्विच असतो. लूप न वापरता सिग्नल त्याच्यातून जातो. वापर नाही, वर पावसाळ्याची दमट हवा, त्यावर काळसर थर चढतो. दुरुस्ती काय, तर प्लग दहावेळा आत-बाहेर करायचा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. अ‍ॅम्पवर थापा मारून मी दोन वर्षं काढली होती!

"पैसे किती झाले काका?"

"तो कन्व्हर्टर इथे ठेवून जा. झाले."

शनिवार आला. पबमधल्या साउंडवाल्या दादाला मी पहिल्यांदा विचारलं, "दादा, अर्थिंग आहे ना नीट?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचा पगार विचारला. पण टेस्टर आणि मीटर घेऊन बोर्ड तपासून दाखवला. बेसवाला माइकजवळ गेला आणि क्षणभर थांबला. मला ते दिसलं. मग त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि ओठ जाळीला लावून खणखणीत 'हॅलो पुणे' केलं.

सोलो कसा झाला? एका ठिकाणी चुकले. पण चूकसुद्धा चार वेळा स्वच्छ ऐकू आली, हळूहळू विरत जाणारी. लूप एकदम परफेक्ट चालत होता!

तो आता टोरांटोत आहे. तिकडे बर्फ, इकडे आम्ही तिघं. परवा मी त्याला जॅमिंगचं रेकॉर्डिंग पाठवलं. उलट उत्तर आलं, 'हम नाहीये. मिस करतोय. पुढच्या वेळीपण मला लूपमध्ये ठेव.'

ठेवलाय रे!

जाता जाता फंडे

• पुढे वा-वा, फझ, ओव्हरड्राइव्ह, कॉम्प्रेसर. लूपमध्ये डिले, रिव्हर्ब, कोरस.

• व्हॉल्यूम पेडल लूपमध्ये लावून बघा. डिस्टॉर्शन तेवढंच राहतं, फक्त आवाज कमी-जास्त होतो.

• लूपजवळ लेव्हलचा स्विच असेल तर पेडलसाठी आधी कमी लेव्हलवर ठेवा. मोठी लाइन लेव्हल रॅकमधल्या यंत्रांसाठी असते, ९ व्होल्टचं पेडल तिने गुदमरू शकतं.

• लूप सिरीज असेल तर डिलेचा मिक्स नेहमीसारखा. पॅरलल असेल तर पेडलवर पूर्ण वेट, मूळ सूर अ‍ॅम्प स्वतः पुढे नेतो.

• लूप रिकामा असताना आवाज बसतोय? सेंड ते रिटर्न एक छोटी केबल लावून बघा, मग दुरुस्तीवाल्याकडे जा.

• व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

• जॅमपॅडच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आणि तिसरी पिन? ती तुमच्या बेसवाल्यासाठी आहे. राहू दे.